मुलींच्या संडासाचं कुलूप

हिंगोली जिल्ह्यात साखऱ्याच्या पुढं एका गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. तिथं मी सहा वर्षं होते, त्यातली शेवटची चार प्रभारी मुख्याध्यापिका म्हणून. प्रभारी म्हणजे वर्गही शिकवायचा आणि शाळाही चालवायची. शाळेत बाई म्हणून मी एकटीच, बाकी तिघं गुरुजी. शिपाई नव्हता. वर्ग आणि अंगण मुलं झाडायची. संडास कुणीच धुवायचं नाही.

मुलींसाठी दोन संडास होते, शाळेच्या मागच्या बाजूला, दोन्हींना मिळून बाहेरून एकच फाटक. बांधल्यावर वर्षभर वापरले असतील. मी आले तेव्हा एकाचं दार मोडलेलं होतं आणि दुसऱ्यात पाऊल ठेवायची सोय नव्हती. संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसणारी टोळकी तिथं घाण करून जायची. मुली पलीकडच्या तुरीच्या रानात जायच्या. मी शाळेतून घरी हिंगोलीला जाईपर्यंत धरून ठेवायचे. बाईमाणसाला त्याची सवयच असते, असं तेव्हा वाटायचं.

मग एका दिवाळीच्या आधी स्वच्छ शाळेच्या स्पर्धेचं पत्र आलं. जानेवारीत तालुक्याचं पथक येणार, वर्ग, पाण्याची टाकी, हात धुवायची जागा, संडास, सगळं बघणार. पत्र वाचून एक गुरुजी हसले. "मॅडम, आपण कशाला भाग घ्यायचा? आपला संडास बघितला तर पथक गाडीतून खाली उतरणार नाही." मला ते लागलं. मी म्हटलं, घ्यायचा.

ग्रामपंचायतीचा सफाईवाला एकच, म्हातारा. तो नाल्याच काढून थकलेला. शेवटी मी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विचारलं. मावशी शाळेत माझ्याही आधीपासूनच्या. पोरांना जितक्या मायेनं वाढायच्या तितक्याच जोरात ओरडायच्या. त्या म्हणाल्या, "पानी आनून देते मॅडम, मागाल तेवढं. पन संडासाला हात लावनार न्हाई. ह्याच हातानं लेकरायची खिचडी शिजवते मी. गावात कुनाला कळलं तं एक लेकरू ताटावर बसनार न्हाई."

त्यांचं बराबर होतं. मग म्हटलं, आपणच करू.

दिवाळीच्या सुट्टीचे तीन दिवस मी त्यात घातले. पहिल्या दिवशी नुसता कचरा काढला. बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, फुटक्या फरश्या, दाराच्या वरच्या कोपऱ्यात गांधीलमाशांचं पोळं. भांड्यात कुणीतरी दगड कोंबले होते. ते हाताला पिशवी बांधून एकेक काढावे लागले. त्या वेळी मला ओकारी आली आणि मी बाहेर जाऊन बसले. मावशी तोंडावर पदर धरून बादली घेऊन उभ्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मॅडम, एवढं काय हाय त्याच्यात?" मी पुन्हा आत गेले.

दुसऱ्या दिवशी अॅसिड. फरशीवर ओतायचं, दार उघडं ठेवून बाहेर थांबायचं, मग तारेच्या ब्रशनं घासायचं. खाऱ्या पाण्याचे आणि आणखी कशाकशाचे पिवळे थर होते, ते सोलल्यासारखे निघत होते. हातमोजे दुपारीच फाटले. मावशी बोअरवरून बादल्या आणत होत्या, मी ओतत होते. संध्याकाळी खालून पांढरी फरशी दिसली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी मावशींना आत बोलावून दाखवली. तिसऱ्या दिवशी फिनेल, ब्लीचिंग पावडर, भिंतींना चुना. सुताराकडून दार बसवून घेतलं, आतून नवी कडी. घरी पोळ्या लाटताना हातांना फिनेलचा वास येत होता. आमची मुलगी नाक मुरडत होती, तरी मला तो वास नकोसा वाटला नाही.

एका गुरुजींनी माझा घासतानाचा फोटो काढला होता. तो त्यांनी तालुक्यातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर फोन वाजत राहिला. मॅडम, तुम्हाला सलाम. मॅडम, आदर्श. जन्मभर हेच काम करणाऱ्यांचा फोटो कुणी काढत नाही, हे माझ्या तेव्हाही मनात आलं. तरी प्रत्येक निरोप मी दोनदा वाचला.

सुट्टीनंतर शाळा भरली. मी सगळ्या मुलींना नेऊन संडास दाखवला, पाणी कसं टाकायचं ते सांगितलं. पाण्याचं टिपाड भरून ठेवलं. मधल्या सुट्टीनंतर जाऊन बघितलं तर पांढऱ्या फरशीवर चिखलाची पावलं, एका भांड्यात कुणीतरी पाणी न टाकताच गेलेलं, आणि भिंतीला, नव्या चुन्यावर, ओल्या हाताचे पंजे. पहिली-दुसरीच्या पोरी असतील. लहान लेकरं ती. पण मला राग आला. कुणी माझ्या अंगावर थुंकल्यासारखा राग. मी धुऊन काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी येताना तालुक्याच्या गावातून, सेनगावातून, कुलूप घेऊन आले.

मावशी चुलीपुढं तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला कुलूप लावताना बघितलं.

"कुलूप काहून लावून राहिल्या मॅडम?"

"पथक येईपर्यंत. स्वच्छ राहिलं पाहिजे ना."

"मॅडम, ते घान व्हायलाच केलेलं असतंय. घान झालं की धुवाचं."

"आणि धुवायचं कुणी?" मी म्हटलं. माझा आवाज चढला असणार, कारण मावशी पुन्हा तांदळात बघायला लागल्या.

किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगली. मुलींना सांगितलं, ज्यांना गरज असेल त्यांनी येऊन मागायची. कागदावर हे ठीक होतं. पण ऑफिसात तीन गुरुजी बसलेले असायचे, आणि बारा वर्षांच्या पोरीनं त्यांच्यासमोर उभं राहून मला संडासाची किल्ली द्या म्हणायचं, हे होणार नव्हतं. मला ते कळत नव्हतं असं म्हणता येणार नाही. मी स्वतः किल्ली घेताना रजिस्टरखाली झाकून घ्यायचे. हो, मी वापरत होते. घरी जाईपर्यंत धरून ठेवायची माझी तकलीफ संपली होती.

डिसेंबरभर काही अडलं नाही. रानात तूर डोक्याएवढी उभी होती, मुली दोघी-तिघी मिळून आडोशाला जायच्या. मग तूर कापली. जानेवारीच्या मध्यावर शाळेच्या मागं नुसतं उघडं रान, खुंट आणि लांबवर डांबरी रस्ता. मुली कुठं जातात हा प्रश्न मला पडायला हवा होता. माझ्या डोक्यात पथक होतं.

एकच मुलगी किल्ली मागायला आली. सहावीतली, तांड्यावरची. तांडा गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे, तिथून सात-आठ मुलं चालत येतात. ही त्यांतली सगळ्यात मोठी, लहानांना रांगेत आणणारी. अभ्यासात बरी, बोलायला कमी. त्या दिवशी दुपारी ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. पुढच्या दिवशी पथक येणार होतं आणि मी फायली लावत होते.

"काय गं?"

ती आत बघत राहिली. गुरुजी होते. मग हळूच म्हणाली, "मॅडम, किल्ली."

मी सकाळीच संडास शेवटचा धुऊन, पुसून, आत अगरबत्तीसुद्धा लावली होती. मी म्हटलं, "आत्ताच पुसून ठेवलाय गं. उद्या पाहुणे येणार आहेत. तासाभरात शाळा सुटेल, थांब थोडं."

"व्हय मॅडम," म्हणाली आणि गेली.

एवढंच झालं. ओरडले नाही, हाकललं नाही. माझा सूर प्रेमाचाच होता.

पथक आलं. संडास बघून साहेब म्हणाले, "वापरात आहे ना?" मी म्हटलं, "आहे सर." तालुक्यात आमचा दुसरा नंबर आला. सेनगावला सत्कार झाला, आणि शिक्षकांच्या बैठकीत मला संडासाची निगा कशी राखावी यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. मी अॅसिड किती वेळ ठेवायचं ते सांगितलं, ब्रश कोणता वापरायचा ते सांगितलं. कुलपाबद्दल बोलले नाही. सत्कारानंतर कुलूप काढायचं ठरवलं होतं, तेही काढलं नाही. आता नंबर आलाय, कुणीही अचानक बघायला येईल, असं मनाशी म्हटलं.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी प्रार्थना चालू असताना ती मुलगी रांगेत खाली बसली. ऊन लागलं असेल म्हणून मी जवळ गेले. अंग चटका बसेल असं तापलेलं आणि दात वाजत होते. कंबर धरून बसली होती. मी तिला स्कूटीवर माझ्या मागं घेतलं, तिच्या मागं तिला धरायला सातवीतली एक मुलगी बसवली, आणि आधी आरोग्य केंद्रात, तिथून त्यांच्या गाडीनं हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात. वाटेत ती दोनदा उलटी करायला थांबली. मला म्हणाली, "मॅडम, तुमच्या साडीला लागलं." मी म्हटलं, लागू दे.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोट दाबून बघितलं, कमरेवर मागून हळूच थाप मारली तशी ही ओरडली. लघवी तपासायला पाठवली. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "लघवीचा संसर्ग आहे, वर किडनीपर्यंत गेलाय. बऱ्याच दिवसांचा असणार. जळजळ होत होती का गं?"

तिनं मान हलवली.

"कधीपासून?"

"लई दिवस झाले."

"घरी सांगितलं नाहीस?"

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढली.

"पाणी किती पितेस दिवसातून?"

"सकाळी पिते. मंग घरी गेल्यावर."

"आणि शाळेत?"

"शाळेत न्हाई पीत."

"का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. अगदी क्षणभर. मग डॉक्टरीणबाईंकडं बघून म्हणाली, "सवय न्हाई मला."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. "मॅडम, शाळेत मुलींना संडास आहे ना? बऱ्याच ठिकाणी नसतो म्हणून विचारते. मुली मग पाणीच पीत नाहीत."

आणि मी म्हटलं, "आहे ना. आमच्या शाळेचा तर तालुक्यात दुसरा नंबर आलाय."

हे वाक्य मी बोलले. ती पलंगावर पडून ऐकत होती. तिनं डोळे मिटून घेतले.

दुपारी तिची आई आली. हळदीच्या रानातून तशीच निघाली होती, हळद काढायचे दिवस ते. तळहात, नखं, पायांच्या भेगा सगळं पिवळं. तिनं आधी पोरीच्या कपाळाला हात लावला, आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. मग डॉक्टरीणबाईंनी पाण्याचं सांगितल्यावर ती पोरीवर चिडली. "रोज बाटली भरून देते मी हिला. तशीच भरलेली वापस आनती. काहून पेत न्हाई म्हनलं तर तोंड उघडत न्हाई. मार खाल्ला हिनं त्याच्यापायी." मग माझ्याकडं वळून तिनं हात जोडले. "तुमी व्हत्या म्हनून बरं झालं मॅडम. मी कुठून आनलं असतं हिला इथवर?"

मला तेव्हा सांगता आलं असतं. बाटलीपायी मार खाल्लेली पोरगी समोर पडली होती. मी म्हटलं, "काळजी करू नका, बरी होईल." आणि संध्याकाळी घरी निघाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यावर पहिल्यांदा कुलूप काढलं. मग ऑफिसात बसून सहावी-सातवीची हजेरी काढली. इतके दिवस तीच हजेरी मीच भरत होते. जानेवारीनंतर मोठ्या मुली दर महिन्याला तीन-तीन, चार-चार दिवस गैरहजर. पाळीचे दिवस. एकीच्याच नावापुढं नव्हे, जवळजवळ सगळ्यांच्याच. लेकी घरकामाला ठेवून घेतात, असं मी पालकसभेत त्यांच्या आयांनाच बोलले होते.

मावशींना मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या म्हणतील, मी तवाच म्हनलं व्हतं. त्या तसं काही बोलल्या नाहीत. डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "पोरगी कशी हाय आता?" मग उठून टिपाड भरायला गेल्या.

संडास त्या दिवसापासून उघडा राहिला. घाण झाला, पहिल्याच दिवशी. मी सुट्टीत धुतला. दुसऱ्या दिवशी धुतला. ग्रामपंचायतीत चार वेळा जाऊन बसले तेव्हा आठवड्यातून दोनदा धुवायला एक बाई मिळाल्या, बाकीचे दिवस मी. फरशी पुन्हा कधी तशी पांढरी झाली नाही. एका दाराची कडी टोळक्यानं मोडली, ती पुन्हा बसवली. मोठ्या मुली सुरुवातीचे काही दिवस जाईनातच. उघड्या दाराकडं बघून परत फिरायच्या, जणू त्यांना कुणी रागावेल. मी त्यांना सांगायचे, जा गं, तुमचाच आहे. ते ऐकताना त्या माझ्याकडं कशा बघायच्या ते मला सांगता येत नाही.

ती मुलगी सहा दिवस दवाखान्यात होती. घरी आल्यावर एका रविवारी मी तांड्यावर गेले. मनाशी सगळं ठरवून गेले होते. आईनं बाजेवर बसवलं, चहा केला. मुलगी दारात लहान भावाला घेऊन उभी होती, चेहरा उतरलेला पण ताप गेलेला. मी चहा तसाच ठेवला आणि म्हटलं, "ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय. शाळेतल्या संडासाला मी कुलूप लावून ठेवलं होतं. हिनं एकदा किल्ली मागितली, मी दिली नाही. म्हणून ती पाणी पीत नव्हती. तिचा काही दोष नाही. माझा आहे."

आई उठून उभी राहिली. पोरीला तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, तशी पोरगी भावाला घेऊन बाहेर गेली. मग ती म्हणाली, "माहीत हाय मला."

"कधी कळलं?" मी विचारलं.

"तुमी दवाखान्यातून गेल्या ना, तवाच सांगितलं तिनं. मी मारलं म्हनून रडत व्हती, मंग सांगितलं."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू मॅडम?" तिचा आवाज चढला नाही. "अजून एक वरीस तिला तिथंच शिकायचंय. तुमच्याच हाताखाली. मी बोलले आन् तुमी राग धरला तं?"

मी राग धरला नसता, असं म्हणणार होते. पण तिला ते कुठून कळणार होतं? मीच तर हजेरीवरून आयांना सगळ्यांदेखत बोलणारी बाई होते. मी माफी मागितली. ती "ऱ्हाऊ द्या" म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. निघताना ती वाटेपर्यंत आली आणि म्हणाली, "तेवढं उघडं ठेवा मॅडम. हिच्या मागं धाकट्या पोरी हायत तांड्यावरच्या."

मुलगी सोळाव्या दिवशी शाळेत आली. वर्गात नेहमीसारखी बसली. मी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची, वही वेळेवर दाखवायची, "व्हय मॅडम", "न्हाई मॅडम" एवढंच. आधीही ती कमी बोलायची, त्यामुळं इतरांना फरक कळला नसेल. मला कळत होता. सोनोग्राफीला दर सहा महिन्यांनी न्यायचं होतं, दोन्ही वेळेला मी सोबत गेले. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किडनी व्यवस्थित आहे, आता यायची गरज नाही. बाहेर आल्यावर मी तिला उसाचा रस पाजला. बाकावर शेजारी बसलो होतो. मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी तू डॉक्टरांना खरं का नाही सांगितलंस गं?"

ती ग्लास हातात फिरवत राहिली. म्हणाली, "तुमी बाजूलाच व्हत्या ना."

माझ्या भीतीनं की माझी लाज राखायला, हे मी विचारलं नाही. दोन्हींतलं कुठलंही उत्तर मला सोसणार नव्हतं. तिनं रस संपवला, दोन्ही ग्लास नेऊन दिले, आणि आम्ही बसस्टँडकडं चालायला लागलो.

सातवीनंतर ती सेनगावला वसतिगृहात गेली. यंदा दहावीला आहे. माझी बदली वसमतकडं झाली, कुरुंद्याच्या जवळ. मध्यंतरी तिच्या आईचा फोन आला होता, पोरीला पुढं नर्सिंगला टाकायचं म्हणतेय, कागदपत्रं कुठली लागतील म्हणून. मी सगळी यादी सांगितली, हळूहळू, तिला कुणाकडून तरी लिहून घेता यावी अशी. शेवटी विचारलं, "तब्येत कशी आहे तिची?"

"बरी हाय," आई म्हणाली. "तिथं वसतिगृहात समदं हाय म्हनती." मग थोडं थांबून म्हणाली, "ठेवते मॅडम. हळद शिजायला टाकलीय."